सर्वांत लहान ठेवीची हमी

इंडोनेशियात एखाद्या बँकेत दोन अब्ज रुपियांपर्यंत ठेव असलेल्या माणसाला बँक बुडाली तरी धास्ती नसते. ‘लेम्बागा पन्जामिन सिम्पानान’ म्हणजेच एलपीएस ही सरकारी ठेव हमी संस्था त्याची रक्कम भरून देते. त्याच गावच्या बाजारात भाजी विकणारी बाई रोजच्या गल्ल्यातून दहा हजार रुपिया बाजूला काढते आणि शेजारच्या इस्लामी पतसंस्थेत भरते. दहा हजार रुपिया म्हणजे आपले पन्नास-साठ रुपये. ती संस्था बुडाली तर तिचे पैसे कोण देणार, याचे उत्तर आज तिथल्या कायद्याकडे नाही. बचत जिची सर्वांत लहान, राखण तिचीच सर्वांत कच्ची. हे पुस्तक तिच्या ठेवीविषयी आहे.

‘इस्लामी सूक्ष्मवित्त संस्थांसाठी ठेव विमा’ हे विषयाचे औपचारिक नाव. ते ऐकताच हा जाणकारांचा प्रांत आहे, आपले इथे काय काम, असे वाटण्याचा संभव आहे. पण गरिबाची बचत, श्रद्धेने घालून दिलेले व्यवहाराचे नियम आणि राज्याची जबाबदारी या तीन गोष्टी इथे एकत्र येतात, आणि तिन्ही आपल्या ओळखीच्या आहेत. पतसंस्थेच्या बंद दारासमोर पासबुक हातात घेऊन उभ्या असलेल्या ठेवीदारांची रांग महाराष्ट्राने पुष्कळदा पाहिली आहे. म्हणून जावा बेटावरच्या एका छोट्या संस्थेचा प्रश्न मराठीत मांडताना मला तो परका वाटला नाही.

आधी या संस्थांची ओळख करून द्यायला हवी. त्यांचे पूर्ण नाव ‘बैतुल माल वत्तम्विल’. रोजच्या बोलण्यात बीएमटी. नावाप्रमाणे प्रत्येक बीएमटीचे दोन हात आहेत. एक हात जकात म्हणजे धर्माने बंधनकारक केलेले दान, सदका म्हणजे ऐच्छिक दान आणि इतर देणग्या गोळा करून गरजूंना देतो. दुसरा हात सभासदांकडून ठेवी घेऊन छोट्या व्यापाऱ्यांना भांडवल पुरवतो. या प्रयोगाची सुरुवात १९८४ मध्ये बांडुंग शहरात झाली. तिथल्या तंत्रशिक्षण संस्थेलगतच्या सलमान मशिदीत जमणाऱ्या तरुणांनी ‘तेक्नोसा’ नावाची पहिली संस्था काढली. १९९२ मध्ये बँक मुआमलात ही देशातली पहिली इस्लामी बँक सुरू झाली. पण बँकेच्या पायऱ्या चढण्याइतका व्यवसाय नसलेल्यांचे काय, हा प्रश्न उरलाच. १९९५ मध्ये ‘पिन्बुक’ ही बीएमटी उभारायला मदत करणारी संस्था स्थापन झाली आणि चळवळ गावोगाव पसरली. पूर्व जावातल्या पासुरुआन जिल्ह्यात सिडोगिरी नावाचे जुने निवासी धार्मिक विद्यालय आहे. तिथल्या शिक्षकांनी परिसरातली सावकारी पाहून १९९७ मध्ये आपली संस्था काढली. त्याच परंपरेतून वाढलेली सिडोगिरीची बीएमटी आज देशातल्या सर्वांत मोठ्या बीएमटींपैकी एक आहे. आता बीएमटींची संख्या हजारांत मोजतात.

काम कसे चालते ते जवळून पाहावे. योग्यकार्तातल्या बेरिंगहार्जो बाजारात कापडाची, मसाल्यांची, वनौषधींची दुकाने दाटीने आहेत. या बाजाराचेच नाव घेतलेली बीएमटी १९९४ पासून तिथे आहे. अशा बाजारांत बीएमटीचा माणूस गाळ्या-गाळ्यावर जातो, दिवसाची बचत घेतो, पासबुकात आकडा लिहितो, सही करतो आणि पुढच्या गाळ्याकडे वळतो. आपल्याकडच्या पिग्मी एजंटाचेच हे काम. दुकान सोडून बँकेत जाणे ज्याला परवडत नाही, त्याच्यासाठी संस्था स्वतः चालत येते. घरची अडचण, मुलाची फी, बाळंतपण, सणाची खरेदी या पैशातून भागते. ठेव काढायची झाली तर त्याच माणसाला सांगायचे. दुसऱ्या दिवशी पैसे गाळ्यावर हजर. या सोयीवरच बीएमटीचा विश्वास उभा आहे.

या विश्वासाची वर्षातून एकदा कसोटी लागते. ईद-उल-फित्र जवळ आली की ठेवीदार पैसे काढायला येतात: गावी जायचे असते, नवे कपडे घ्यायचे असतात, नातेवाइकांना द्यायचे असते. नेमके त्याच आठवड्यांत व्यापाऱ्यांना माल भरायला जास्त भांडवल हवे असते. एका दारातून ठेवी बाहेर, दुसऱ्या दारातून कर्जे बाहेर. संस्था सुस्थितीत असूनही तिच्याकडे रोख कमी पडू शकते. कोणी एकाने ‘उद्या या’ ऐकले की ते संध्याकाळपर्यंत बाजारभर होते, आणि सकाळी रांग लागते. बँकेला अशा वेळी मध्यवर्ती बँक उसने देते. बीएमटीच्या मागे मध्यवर्ती बँक नाही. मोठ्या बीएमटीकडून उसने मागायचे किंवा १९९८ मध्ये स्थापन झालेल्या ‘इन्कोप्स्याह’ या शिखर सहकारी संस्थेकडे जायचे, एवढेच मार्ग. ठेव विम्याची चर्चा करताना हे विसरून चालत नाही. तात्पुरत्या चणचणीचे औषध वेगळे आणि दिवाळखोरीचे वेगळे. चणचणीतल्या संस्थेला वेळेवर उसने मिळाले, तर विम्याची पाळीच येत नाही.

मग बीएमटी विम्याबाहेर का राहिल्या? याचे मूळ इंडोनेशियाच्या आर्थिक संकटात आहे. १ नोव्हेंबर १९९७ रोजी सरकारने एका झटक्यात १६ बँका बंद केल्या. ठेवीदारांनी इतर खासगी बँकांकडेही धाव घेतली. शेवटी जानेवारी १९९८ मध्ये सरकारला सर्व बँकांच्या सर्व ठेवींची हमी घ्यावी लागली. त्या महागड्या धड्यातून २००४ चा कायदा आला आणि सप्टेंबर २००५ पासून एलपीएस काम करू लागली. ऑक्टोबर २००८ मध्ये जागतिक मंदीच्या धास्तीने हमीची मर्यादा १० कोटी रुपियांवरून एकदम दोन अब्जांवर नेण्यात आली. या कायद्यात व्यापारी बँका आहेत, ग्रामीण बँका आहेत, इतकेच काय, शरियानुसार चालणाऱ्या छोट्या ग्रामीण बँकाही आहेत. सहकारी संस्था मात्र नाहीत. आणि बहुतेक बीएमटी सहकारी कायद्याखाली नोंदलेल्या आहेत.

ही उणीव कोणाच्या लक्षात आली नाही असे नाही. २०१२ च्या नव्या सहकार कायद्यात बचत-कर्ज सहकारी संस्थांसाठी वेगळ्या ठेव हमी संस्थेची तरतूद होती. पण मे २०१४ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने तो संपूर्ण कायदाच रद्द केला आणि १९९२ चा जुना कायदा पुन्हा लागू झाला. २०१३ च्या सूक्ष्मवित्त संस्थांच्या कायद्यात तर स्पष्ट कलम आहे: स्थानिक सरकारे आणि सूक्ष्मवित्त संस्था मिळून ठेव हमी संस्था स्थापू शकतात, आणि गरज पडल्यास केंद्र सरकारही त्यात सहभागी होऊ शकते. कायद्याने ‘शकतात’ म्हटले, ‘करावे’ म्हटले नाही. आणि कायद्यातल्या ‘शकतात’वर गरिबाच्या पैशाची राखण होत नाही. ती वाट कागदावर आहे, पण बाजारातल्या ठेवीदाराला अजून उपयोगी पडलेली नाही.

मराठी वाचकाला या इतिहासात आपला इतिहास दिसेल. भारतात ठेव विम्याचा कायदा होण्यामागे १९६० मधली दोन बँकांची पडझड आहे: एक केरळची पलाई सेंट्रल बँक, दुसरी आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक. त्यानंतर १९६१ मध्ये कायदा झाला, १ जानेवारी १९६२ पासून विमा लागू झाला. ठेवीदारामागे संरक्षण १,५०० रुपये. सहकारी बँका तेव्हा त्यात नव्हत्या. १९६८ च्या दुरुस्तीने त्यांना दार उघडले, पण एका अटीवर: राज्यांनी आपले सहकार कायदे बदलून रिझर्व्ह बँकेला या बँकांच्या अवसायनाचे आणि संचालक मंडळ हटवण्याचे अधिकार मान्य करायचे. विमा हवा तर देखरेख स्वीकारा, हा तो करार. संरक्षणाची मर्यादा १९९३ मध्ये एक लाखावर आणि फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाखांवर गेली. पण पतसंस्था तेव्हाही बाहेर होत्या आणि आजही या विम्याच्या बाहेरच आहेत. पिग्मी भरणारा पानटपरीवाला आणि बेरिंगहार्जोतली मसालेवाली या बाबतीत एकाच रांगेत उभे आहेत.

महाराष्ट्रातल्या मुस्लिम वस्त्यांत बिनव्याजी पतसंस्थांची परंपराही आहे. मुंबईत १९७६ मध्ये ‘बैतुन्नसर’ सुरू झाली. हजारो छोट्या ठेवीदारांना तिने बचतीची सवय लावली आणि पुढे ती बंद पडली. व्याज नको म्हणून बँकेपासून दूर राहणारा माणूस अशा संस्थेकडे वळतो, तेव्हा तो सरकारी संरक्षणापासूनही दूर जातो. श्रद्धेची किंमत सुरक्षिततेत मोजावी लागणे मला अन्यायाचे वाटते, मग ते भेंडीबाजारात घडो वा जावात.

विमा नसला की काय होते, याचा सर्वांत बोलका दाखला तुर्कस्तानचा आहे. तिथे १९८० च्या दशकापासून ‘विशेष वित्तगृहे’ या नावाने बिनव्याजी संस्था चालत. साध्या बँकांतल्या ठेवींना राज्याची पूर्ण हमी होती. या वित्तगृहांतल्या ठेवींना कसलीच नव्हती. नफा-तोट्यात वाटेकरी असणाऱ्याला हमी कशाला, असा युक्तिवाद होता. २००० च्या अखेरीस देश आर्थिक संकटात सापडला. ‘इहलास फिनान्स’ हे सर्वांत मोठे वित्तगृह आपल्याच समूहातल्या कंपन्यांत पैसा गुंतवून बसले होते. ठेवीदारांनी रांगा लावल्या आणि फेब्रुवारी २००१ मध्ये त्याचा परवाना रद्द झाला. सुमारे दोन लाख ठेवीदारांचे पैसे अडकले. धक्का तिथे थांबला नाही. ज्यांची काहीच चूक नव्हती अशा इतर वित्तगृहांतूनही लोकांनी पैसे काढले. त्यानंतर त्याच वर्षी या क्षेत्रासाठी वेगळा हमी निधी उभारण्याचा कायदा झाला, आणि २००५ मध्ये तो राष्ट्रीय ठेव विमा निधीत विलीन झाला. सगळे शहाणपण दोन लाख ठेवीदारांच्या खर्चाने आले. बीएमटीच्या बाबतीत तेच शहाणपण आधी यावे, असा या पुस्तकाचा आग्रह आहे.

आता मुख्य अडचणीकडे वळतो. ठेव विमा इस्लामी नियमांत बसतो का? हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही, कारण बीएमटीचा ठेवीदार तो स्वतः विचारतो.

ठेवी दोन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार ‘वदीआ’: पैसे सांभाळायला दिले, संस्थेने ते वापरले तरी मागताच पूर्ण परत करायचे. इथे मुद्दल परत देणे हा कराराचाच भाग आहे, त्यामुळे त्याला हमी देण्यात वाद नाही. दुसरा प्रकार ‘मुदारबा’: ठेवीदाराचे भांडवल, संस्थेचे श्रम, नफा ठरलेल्या प्रमाणात वाटून घ्यायचा, आणि धंद्यात खोट आली तर ती भांडवलदाराने सोसायची. म्हणजे ठेवीदाराने. संस्थेने मुद्दलाची हमी दिली तर तो मुदारबा राहत नाही, ते व्याजाचे कर्ज होते. आक्षेप इथे आहे आणि तो गंभीर आहे. शिवाय नेहमीच्या विम्यात अनिश्चिततेवर पैसे लावले जातात आणि विमा कंपनी जमा रक्कम व्याजी रोख्यांत ठेवते, हे आणखी दोन आक्षेप.

त्यांना धर्मशास्त्राच्या आतूनच उत्तरे मिळाली आहेत. १९८८ मध्ये जेद्दा इथल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने मान्य केले, की संस्थेपासून स्वतंत्र असलेला तिसरा पक्ष स्वेच्छेने तोटा भरून देण्याचे वचन देऊ शकतो. असे वचन मूळ करारापासून वेगळे असले म्हणजे झाले. विम्याच्या जागी ‘तकाफुल’ उभा राहतो: सर्वांनी एका निधीत दान म्हणून अंशदान भरायचे आणि ज्याच्यावर प्रसंग येईल त्याला त्यातून द्यायचे. निधीचा मालक कोणी नफेखोर नाही, सगळे सहभागी आहेत. जमा रक्कम व्याजी रोख्यांऐवजी सुकूक म्हणजे शरियाला मान्य असलेल्या रोख्यांत ठेवायची. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेच्या राष्ट्रीय शरिया मंडळाने २०१८ मध्ये शरिया बँकांतल्या ठेवींच्या हमीविषयी स्वतंत्र फतवा काढून मार्गदर्शक नियम घातले. त्याआधी, २००५ च्या सरकारी नियमानेच शरिया बँकांतल्या वदीआ आणि सर्वसाधारण मुदारबा या दोन्ही ठेवी एलपीएसच्या हमीखाली आणल्या होत्या. जी ठेव शरिया ग्रामीण बँकेत हमीपात्र आहे, तीच ठेव त्याच कराराने बीएमटीत ठेवली तर धर्म आड येतो, असे कोणी म्हणू शकत नाही.

मला स्वतःला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो मुदारब्याचा आणखी एक नियम, ज्याकडे या चर्चेत पुरेसे लक्ष जात नाही. तोटा ठेवीदाराने सोसायचा तो धंद्यातला प्रामाणिक तोटा. व्यवस्थापनाने अधिकाराबाहेर वागून, हलगर्जीपणा करून किंवा अफरातफर करून जे बुडवले, त्याची भरपाई व्यवस्थापनाने करायची, हे फिक्हने म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राने शतकांपूर्वी सांगून ठेवले आहे. आता छोट्या वित्तसंस्था कशाने बुडतात ते पाहा. एलपीएसने २००५ पासून शंभराहून अधिक ग्रामीण बँका अवसायनात काढल्या आहेत, आणि त्यांच्या पडझडीचे प्रमुख कारण मालक-व्यवस्थापकांचा गैरकारभार असल्याचे ती संस्था वारंवार सांगत आली आहे. दुष्काळाने, पुराने, मंदीने बुडालेली संस्था असू शकते. पण नातेवाइकांना वाटलेली कर्जे, बनावट कर्जदार आणि वह्यांबाहेर घेतलेल्या ठेवी यांनी बुडालेल्या संस्थांची यादी फार मोठी असते. अशा वेळी ठेवीदाराला ‘तू नफ्यात वाटेकरी होतास, आता तोट्यातही हो’ असे सांगणे हा धर्माचा आधार घेऊन केलेला अधर्म आहे. चोरी हा धंद्यातला तोटा नव्हे. चोरीपासून ठेवीदाराचे रक्षण करण्याला कोणत्याही पंथाचा विरोध असू शकत नाही.

जगात यासाठी कोणते नमुने आहेत, त्यांचा तपशील पुढच्या प्रकरणांत येईल. इथे दोनच सांगतो. सुदानने १९९६ मध्ये ठेव सुरक्षा निधी उभारला तो तकाफुलच्या पायावर. चालू आणि बचत खात्यांसाठी बँका, सरकार आणि मध्यवर्ती बँक अंशदान भरतात. गुंतवणूक खात्यांसाठी मात्र खातेदार स्वतःच एकमेकांसाठी भरतात. भांडवलदाराला व्यवस्थापकाने हमी द्यायची नाही, हा नियम तिथे अगदी काटेकोरपणे पाळला आहे. मलेशियाने २००५ मध्ये वेगळी वाट घेतली. तिथली ठेव विमा संस्था ‘कफाला बिल-उज्र’ म्हणजे शुल्क घेऊन दिलेली हमी या तत्त्वावर चालते. इस्लामी ठेवींचा निधी साध्या ठेवींपासून पूर्ण वेगळा ठेवते आणि दोन्हींना स्वतंत्रपणे अडीच लाख रिंगिटपर्यंत संरक्षण देते. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय ठेव विमा संघटना आणि इस्लामी वित्तसेवा मंडळ यांनी मिळून इस्लामी ठेव विम्याची मूलतत्त्वे प्रसिद्ध केली. म्हणजे शास्त्र आहे, अनुभव आहे, नियमावली आहे. पण हे सगळे बँकांसाठी. सर्वांत गरीब ठेवीदार ज्या संस्थेत पैसे ठेवतो तिथपर्यंत यातले फारसे काही पोहोचलेले नाही.

‘एवढ्या छोट्या संस्थांना विमा परवडणार कसा?’ असे विचारले जाते. हिशेब करून पाहू. एलपीएस बँकांकडून ठेवींवर दर सहामाहीला ०.१ टक्का, म्हणजे वर्षाला ०.२ टक्के घेते. समजा, भाजीवाली वर्षातले ३०० दिवस रोज दहा हजार रुपिया भरते. वर्षअखेर तिच्या खात्यात ३० लाख रुपिया जमतील. त्यावर ०.२ टक्के म्हणजे सहा हजार रुपिया. एका दिवसाच्या बचतीहून कमी रकमेत तिच्या वर्षभराच्या कष्टाला हमी मिळते. गाळ्यावर जाऊन हे तिला समजावून सांगितले, तर ती नाही म्हणेल असे मला वाटत नाही.

निधीच्या बाजूनेही हिशेब मांडू. समजा, शंभर बीएमटी एकत्र आल्या, प्रत्येकीच्या ठेवी दहा अब्ज रुपिया. एकूण ठेवी १,००० अब्ज. वर्षाचे अंशदान दोन अब्ज. त्यातली एक बुडाली आणि वसुलीतून निम्मी रक्कम हाती आली, तर निधीला पाच अब्ज द्यावे लागतील. म्हणजे अडीच वर्षांत एक मध्यम संस्था बुडाली तर निधी तग धरतो. दोन एकदम बुडाल्या, किंवा शंभरांतली एखादी इतरांच्या दसपट मोठी असली आणि तीच कोसळली, तर निधी रिकामा होतो. या हिशेबातून दोन गोष्टी पुढे येतात. निधी शक्य तितका मोठ्या प्रदेशात पसरलेला हवा. एकाच जिल्ह्यात असला तर एका ज्वालामुखीच्या राखेने किंवा एका पुराने सगळ्याच संस्था अडचणीत येतील. आणि निधीच्या मागे सरकारने उभे राहायला हवे. कमी पडल्यास सरकारने कर्ज-ए-हसना म्हणजे बिनव्याजी उसने द्यावे आणि पुढच्या अंशदानांतून ते फेडून घ्यावे. २००४ च्या कायद्याने एलपीएसच्या मागे सरकार उभे केलेच आहे. त्याच आधाराचा छोटा वाटा इथे हवा.

विमा हे फुकटचे वरदान मात्र नाही. पैसे कसेही परत मिळणार म्हटल्यावर ठेवीदार संस्थेकडे डोळेझाक करतो आणि संचालक बेफिकीर होतो. म्हणून निधीत प्रवेश सरसकट नसावा. दरवर्षी बाहेरच्या तपासनिसाकडून लेखापरीक्षण, संचालकांच्या नातेवाइकांना द्यायच्या कर्जांवर कडक मर्यादा, रोख शिलकीचे किमान प्रमाण, आणि जोखीम जास्त असेल त्या संस्थेला अंशदान जास्त: या अटी मान्य करणाऱ्या बीएमटीलाच दारावर ‘ठेवी हमीपात्र’ ही पाटी लावू द्यावी. ती पाटी मग ठेवीदाराला संस्था निवडायला मदत करील आणि चांगल्या संस्थेला वाईट संस्थेच्या बदनामीपासून वाचवील. १९६८ मध्ये आपल्याकडे झालेला करार हाच होता. देखरेखीवाचून विमा म्हणजे चोराला दिलेले अभय.

एक बारीक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण योजना अशाच ठिकाणी फसतात. एलपीएसच्या हमीची पहिली अट अशी, की ठेव बँकेच्या वह्यांत नोंदलेली हवी. बँकेच्या बाबतीत ही अट योग्य आहे. बीएमटीत पैसे घेणारा माणूस गाळ्यावर येतो, पासबुकात आकडा लिहितो. संध्याकाळी तो आकडा कार्यालयातल्या खातेवहीत चढवायचा असतो. त्याने तो चढवलाच नाही तर? पासबुकात पैसे आहेत, खातेवहीत नाहीत. विमा संस्थेने फक्त खातेवही पाहिली, तर जिला सर्वांत जास्त संरक्षणाची गरज आहे तीच वगळली जाईल. म्हणून सही असलेले पासबुक हा पुरेसा पुरावा मानला पाहिजे, आणि पैसे घेताच ठेवीदाराच्या मोबाइलवर संदेश जाण्याची सोय ही निधीत प्रवेशाची अट असली पाहिजे. धोरण कितीही उदात्त असो, ते अशा तपशिलात जगते किंवा मरते.

बीएमटीचा पहिला हात, दानाचा, इथे कामी येईल का? जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जात बुडालेला माणूसही आहे. आजारपणाने किंवा दुकान जळाल्याने ज्याला खरोखरच फेडता येत नाही, अशा गरीब कर्जदाराचे देणे जकातीतून चुकते करता येते. त्याने ठेवीदाराचाही पैसा अप्रत्यक्षपणे वाचतो. पण संस्थेच्या संचालकांनी केलेला खड्डा जकातीने बुजवू नये. गरिबाच्या नावाने जमलेल्या पैशातून गैरकारभाराची भरपाई झाली, तर लोक दान देणे थांबवतील, आणि ते बरोबरच असेल. विम्याचा निधी आणि दानाचा निधी यांच्या वह्या वेगळ्या, त्यांचे तपासनीस वेगळे, हे पथ्य पाळलेच पाहिजे.

पुढच्या प्रकरणांत बीएमटीचा इतिहास, ठेवींचे करार, इतर देशांचे अनुभव, निधीची रचना आणि शेवटी भारतातल्या पतसंस्थांसाठी यातून घेण्यासारखे काय, अशा क्रमाने विषय मांडला आहे. धर्मशास्त्राची चर्चा ज्यांना जड वाटेल त्यांनी निधीच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. हिशेबाची ज्यांना भीती वाटते त्यांनी इहलासच्या कहाणीपासून. सहकार क्षेत्रातले कार्यकर्ते, बिनव्याजी पतसंस्था चालवणारे संचालक आणि सहकाराचे विद्यार्थी हे वाचतील अशी माझी आशा आहे. शक्य झाले तर एखाद्या सर्वसाधारण सभेत ‘आपल्या ठेवींना हमी कशाची?’ असा प्रश्न विचारायला उभा राहणारा सभासदही वाचेल.

माझे म्हणणे थोडक्यात असे. व्याज न घेणाऱ्या गरिबाच्या ठेवीला हमी देण्यात धर्माची आडकाठी नाही. ती आडकाठी विद्वानांनी विचारपूर्वक दूर केली आहे. पैशाचीही आडकाठी नाही. एका दिवसाच्या बचतीत वर्षाची हमी बसते. उरते ती इच्छाशक्ती आणि देखरेख: सरकारने ‘शकतात’च्या जागी ‘करावे’ लिहिण्याची, आणि संस्थांनी आपल्या वह्या उघड्या करण्याची. ठेव विमा बँकांपासून सुरू झाला, कारण बँका बुडाल्या की राज्य हादरते. आता तो खाली, बाजारातल्या गाळ्यापर्यंत न्यायचा आहे. भाजीवालीची ठेव बुडाल्याने राज्य हादरत नसेल, पण एक घर कोसळते, आणि एवढे कारण मला पुरेसे वाटते.